डाव्या सीटवरचा माणूस

ड्रायव्हिंग लायसनच्या ट्रायलमध्ये माझं मागचं डावं चाक रेघेबाहेर गेलं. पुढे चालवताना काही चुकलं नव्हतं. आरसा जुळवला, बेल्ट लावला, वळायच्या आधी इंडिकेटर दिला. मग गाडी मागे घ्यायची वेळ आली आणि दोन-चार फुटांतच ती बंद पडली. पुन्हा सुरू केली, घाईत क्लच सोडला, स्टेअरिंग नको तिकडे फिरवलं. निरीक्षकांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, परत या." निकाल बरोबर होता, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्याच दिवशी मामा अकोल्याहून एका लग्नासाठी अमरावतीला आले होते. मामांनी तीस वर्षं एसटी चालवली. अकोला–अकोट, अकोला–दर्यापूर, पुढे परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट. कोणत्याही ट्रायलमध्ये ते कधी नापास झाले नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पंधरा वर्षं दुचाकी चालवते, आणि चाळिशीत कार शिकायला निघाले आहे, कारण शाळेच्या गावाची बस मिळणार नसली की उन्हापावसात स्कूटीवर तीस किलोमीटर जावं-यावं लागतं. त्या संध्याकाळी आणि पुढे दोन आठवडे आमचं जे बोलणं झालं ते लिहून ठेवते आहे. ट्रायलमध्ये नापास झालेली माणसं सहसा ही गोष्ट घरातसुद्धा धड सांगत नाहीत.

मामा : मंग? झाली का पास?

मी : नाही. रिव्हर्सला गेले.

मामा : बरं झालं.

मी : बरं झालं?

मामा : हाव. रोडवर चुकाची थे तिथी चुकली. तिथी चुन्याची रेघ होती. रोडवर त्या जागी कोनाचं लेकरू राह्यते.

मी : पण मामा, एवढ्याशा चुकीसाठी आता किती थांबायचं? १९८८ चा मोटार वाहन कायदा, कलम ९. नापास झालं की सात दिवसांच्या आत परत ट्रायल देता येत नाही. तीनदा नापास झालं तर साठ दिवस थांबा. २०१९ च्या दुरुस्तीने त्यावर आणखी एक प्रशिक्षण जोडलं. परत ट्रायलची फी ३०० रुपये. आणि सारथी पोर्टलवर बघितलं तर आठव्या दिवसाची तारीख नाहीच. मला एकोणिसाव्या दिवसाची मिळाली.

मामा : मंग त चांगलंच हाये. सात मांगतले, एकोनीस भेटले. तू त्याले सजा समजून राह्यली. कायद्यानं तुले टाइम देल्ला हाये, शिकाले.

मी : टाइम दिला. त्या टाइमात शिकायचं कुठे, ते नाही दिलं.

मामांनी तेव्हा या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. मीही ते चिडून बोलले होते. पण आमच्या पुढच्या सगळ्या वादाचं मूळ तिथेच होतं.

थांबायला लावणं ही काही आपल्याकडचीच पद्धत नाही. ब्रिटनमध्ये १९३५ पासून ट्रायल सक्तीची आहे, आणि तिथेही नापास झालेल्याला निदान दहा कामकाजाचे दिवस मध्ये जाऊ द्यावे लागतात. माणूस पडला की लगेच पुन्हा उभा करू नये, त्याला चुकीवर काम करू द्यावं, एवढाच त्यामागचा विचार. तो मला पटतो. आपल्याकडे एक दुसरं घड्याळही चालू असतं. शिकाऊ लायसन सहा महिन्यांचं. ते काढल्यावर पहिले तीस दिवस ट्रायल देता येत नाही. मग तारीख, मग नापास, मग पुन्हा तारीख. माझ्या शाळेतल्या दोघींची शिकाऊ लायसन्सं अशीच सहा महिन्यांत संपून गेली. दोघींनी पुन्हा काढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी मुद्द्यालाच हात घातला.

मी : ट्रायलमध्ये रस्ता कुठे असतो, मामा? राजकमल चौकात ऑटोवाला मधूनच वळतो, बडनेरा रोडवर एसटीच्या मागून दुचाकीवाला निघतो, समोरून कोणी उलट्या बाजूने येतो. त्यातलं काहीच मैदानात नाही. पाच-सात मिनिटं खांबांमधून गाडी फिरवायची. त्यावरून काय कळतं?

मामा : लय कळते. गाडी फास्ट चालोनं काही मोठी गोष्ट नाई, कोनी बी चालोते. गाडी हळू चालोनं, थे खरं. जिले हळू गाडी मांग घेता येत नाई, तिचा गाडीवर ताबा नाई. ट्रायलवाला तुले रोड विचारत नाई, ताबा विचारते.

मी हे मनात धरलं आणि नंतर नियम काढून वाचले. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १५. ट्रायलमध्ये काय काय बघायचं त्याची तिथे लांबलचक यादी आहे. सुरू करण्याआधीची काळजी, आरशाचा वापर, डावं-उजवं वळण, अचानक थांबणं. आणि गाडी मागे घेत एका अरुंद जागेत नेणं, तीही ताब्यात ठेवून, बऱ्यापैकी अचूक. म्हणजे कायदा बिनचूकपणा मागत नाही, ताबा मागतो. मामांनी हा नियम कधी वाचला नसेल, पण सांगितलं अगदी तेच.

मी : ठीक आहे, ताबा. पण मग तो शिकवतो कोण? ड्रायव्हिंग स्कूलला नियमाने निदान एकवीस दिवस आणि प्रत्यक्ष चालवणं निदान दहा तास. आणि सरकारने २०२१ पासून ज्या नव्या मान्यताप्राप्त केंद्रांची योजना आणली, तिथे त्याच कारसाठी २९ तासांचा अभ्यासक्रम ठेवला आहे, त्यातले २१ तास चालवण्याचे. म्हणजे दहा तास कमी पडतात हे सरकारलाही माहीत आहे.

मामा : धा तास कमी नाई. धा तास कायचे, थे सांग.

मी : म्हणजे?

मामा : शिकोनारा कुठी नेत होता तुले?

मी : बायपासला. रुंद रस्ता. सरळ.

मामा : अन् रिव्हर्स?

मी : एकवीस दिवसांत दोनदा. तेही शेवटी.

मामा : मंग धा तास नाई झाले. एक तास झाला, धा खेपा.

मला हे लागलं, कारण खरं होतं. आणि त्यातून जी गोष्ट माझ्या लक्षात आली ती तोवर मी कोणालाच बोलले नव्हते. स्कूलच्या गाडीत सरांच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतो. सुरक्षेसाठी तो हवाच. पण त्यामुळे एकवीस दिवसांत एकदाही मला कळलं नाही की गाडी मी थांबवते आहे की सर. समोर म्हैस आली, गाडी थांबली. मला वाटलं मी थांबवली. चढावर गाडी बंद पडली नाही. मला वाटलं मला जमलं. ट्रायलच्या दिवशी पहिल्यांदा तो दुसरा पाय माझ्या मदतीला नव्हता, आणि गाडी दोन फुटांत बंद पडली. मी नापास झाले असं मी म्हणत होते. खरं तर त्या दिवशी मी पहिल्यांदा एकटीने गाडी चालवली होती.

मामांना हे सांगितलं तेव्हा ते गप्प झाले नाहीत. उलट त्यांचा आवाज चढला.

मामा : मंग हेच त म्हनून राह्यलो मी! ट्रायलनं तुले थे दाखोलं जे शिकोनाऱ्यानं लपोलं. ट्रायलले शिव्या कायले देतं? अन् आता कुठी जाशीन? कोनाले सांगून काम करून घेशीन?

मी : स्टाफरूममध्ये सगळ्यांनी तोच सल्ला दिला. "कोणाला तरी सांगून टाक."

मामा : तसं लायसन मले दाखवू बी नको.

मी : मी ते करणार नाही. पण लोक ते का करतात हे तुम्ही समजून घेत नाही. सगळेच आळशी नसतात. मामा, तुम्ही आगारात बस मागे कशी घेत होता?

मामा : कशी म्हंजे? आरशात पाहून. कंडक्टर खाली उतरते, मांग उभं राह्यते, शिटी मारते. शिटी हाये तोवर मांग घ्याची, थांबली का थांब्याचं.

मी : तीस वर्षं?

मामा : तीस वर्सं.

मी : तीस वर्षं बस चालवलेल्या माणसाला मागे घेताना एसटी एक माणूस देते. मला मागे कोण आहे?

यावर मामांकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कपातला चहा संपवला आणि दुपारच्या एसटीने ते अकोल्याला निघून गेले. मला वाटलं रागावले.

मी जे म्हणत होते ते माझ्यापुरतं नव्हतं. शिकाऊ लायसन असलेल्याने गाडी चालवायची तर शेजारी पक्कं लायसन असलेला माणूस हवा, तोही गाडी आवरता येईल अशा जागी बसलेला. गाडीला पुढे-मागे लाल 'एल'ची पाटी हवी. नियम योग्य आहे. पण त्याचा अर्थ असा की सरावासाठी दोन गोष्टी लागतात, एक गाडी आणि एक माणूस. ज्याच्या घरी दोन्ही आहेत त्याला सात दिवस खरोखर सात दिवस मिळतात. ज्याच्या घरी गाडी नाही त्याला ते नुसते कॅलेंडरवरून उतरतात. आणि पुष्कळ घरांत गाडी आहे, माणूसही आहे, पण बाईने स्टेअरिंगला हात लावला की तो माणूस दर मिनिटाला ओरडतो, ओरखड्याची काळजी करतो, तिसऱ्या दिवशी म्हणतो, "राहू दे, मी सोडतो तुला." तिथेही सात दिवस वायाच जातात. स्कूलकडे परत जावं तर पुन्हा पैसे, पुन्हा बायपास, पुन्हा तो दुसरा पाय.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला दारात हॉर्न वाजला. मामा त्यांची जुनी कार घेऊन अकोल्याहून आले होते. डिकीत कपड्यांची पिशवी, आणि मागच्या सीटवर सुतळीने बांधलेला तुराट्यांचा भारा. शेतातल्या तुरीची खोडं, आपल्याकडे चुलीला नाहीतर कुडाला वापरतात ती.

मामा : मूर्तिजापूरच्या अल्याड एका ट्रकवाल्यानं पाहून हासलं. म्हने, मामा, सरपन घेऊन शहरात चाल्ले का?

मी : आणि हे कशाला?

मामा : तुहा कंडक्टर.

आल्या आल्या त्यांनी रस्त्याची भरपूर तारीफ केली, ती पुढेही चालू राहिली. अमरावती–अकोला महामार्ग कित्येक वर्षं कसा होता हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. त्याच महामार्गावर ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत ७५ किलोमीटरचा डांबरी थर सलग टाकला गेला, १०५ तास ३३ मिनिटांत, आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. मामा त्याचं अजून कौतुक करतात. मला त्यात काळजी वाटते. रस्ता साडेचार दिवसांत गुळगुळीत करता येतो. त्यावर चालवणारा माणूस तितक्या वेगाने तयार होत नाही, आणि गुळगुळीत रस्त्यावर त्याचा पाय आणखी खाली जातो. २०२२ या एकाच वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. मामा म्हणाले, म्हणूनच ट्रायल कडक पाहिजे. मी म्हटलं, म्हणूनच शिकवणं कडक पाहिजे. या एका मुद्द्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

शहराबाहेर नवा लेआउट पडला आहे. डांबरी रस्ते झाले, विजेचे खांब उभे राहिले, घरं एकही नाही. रोज सकाळी साडेपाचला आम्ही तिथे जायचो. सातनंतर ऊन उभं राहू देत नाही.

पहिल्या दिवशी मामांनी मला स्टेअरिंग फिरवूच दिलं नाही. फक्त क्लच. गाडी मागच्या गिअरमध्ये, ब्रेकवर पाय, आणि क्लच इतका हळू सोडायचा की गाडी हातभर मागे सरकेल आणि थांबेल. पुन्हा हातभर. पुन्हा थांबा. अर्धा तास नुसतं एवढंच. चौथ्या-पाचव्या वेळेला पायाच्या तळव्याला ती जागा कळली, जिथे इंजिनचा आवाज जरा खाली उतरतो आणि गाडी अंग हलवते. एकवीस दिवसांत ती जागा मला सापडली नव्हती, कारण मी ती शोधायच्या आधीच सरांचा पाय तिथे पोचलेला असायचा.

दुसऱ्या दिवशी सरळ मागे. आरशात बघायचं आणि डाव्या खांद्यावरून वळूनही बघायचं, नुसतं एकावर विसंबायचं नाही. स्टेअरिंग थोडं फिरवायचं, लवकर फिरवायचं आणि लवकर परत आणायचं. मी ट्रायलमध्ये उशिरा आणि खूप फिरवलं होतं.

तिसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेच्या मुरमात दोन रांगांत तुराट्या रोवल्या, वर जुन्या लुगड्याच्या चिंध्या. मामा मागे जाऊन उभे राहिले.

मी : मामा, तुम्हाला शेजारी बसावं लागेल. नियम आहे.

मामा : इथी कोन पाहून राह्यलं?

मी : तुम्हीच म्हणाला होता ना, कोणाला सांगून केलेलं लायसन दाखवू नको म्हणून? मग हे पण नियमानेच.

ते आले, डावीकडे बसले, उजवा हात हँडब्रेकवर ठेवला. मामांसारख्या माणसाला गप्प बसणं किती जड गेलं असेल ते मी पाहिलं आहे. तुराटी मोडली की कट् असा आवाज यायचा. मामा काही बोलायचे नाहीत. तोच आवाज माझी शिटी होती. तुराट्यांच्या पहिल्या दिवशी अकरा मोडल्या. दुसऱ्या दिवशी सात. मग पुन्हा नऊ, कारण त्या दिवशी मला जमतं आहे असं वाटायला लागलं होतं. सहाव्या दिवशी दोन.

मी : आणि ट्रायलच्या दिवशी निरीक्षक शेजारी असतील तेव्हा पाय थरथरला तर?

मामा : थरथरन. थरथरू दे. बसमंदी पन्नास पासिंजर पाह्यत राह्यते. पाय थरथरला का गाडी थांबव, श्वास घे, मंग हातभर घे. थांबनं म्हंजे नापास नाई.

मी : आणि मी दुसऱ्यांदा नापास झाले तर?

मामा : त मी पुन्हा येईन. तुराट्या लय हायेत शेतात.

एका गोष्टीवर मात्र त्यांनी मत बदललं, आणि ते त्यांनी स्वतःहून सांगितलं. पहिल्या संध्याकाळी ते म्हणत होते की कायद्याने टाइम दिला. काल रात्री जेवताना म्हणाले, "टाइम कायदा देते, पन डाव्या सीटवर मानूस घरच्यायनं द्या लागते." मग आईकडे वळून विचारलं, "माह्या सुनेचं लर्निंग निघालं होतं, थे कुठी गेलं वं?" आईने सांगितलं की ते मागच्या दिवाळीतच संपलं. मामा ताटावरून उठेपर्यंत काही बोलले नाहीत. आज सकाळी लेआउटवर जायच्या आधी त्यांनी अकोल्याला फोन केला आणि सुनेला ऑनलाइन अर्ज भरायला सांगितलं.

माझी तारीख येत्या गुरुवारची आहे, सकाळी साडेदहाची. ३०० रुपये भरले आहेत, पावती आणि शिकाऊ लायसन फाईलमध्ये लावून ठेवलं आहे. तुमच्या घरात कोणाचं शिकाऊ लायसन चालू असेल तर त्यावरची शेवटची तारीख आज बघा, आणि तुमचं पक्कं असेल तर उद्या सकाळी अर्धा तास त्यांच्या डावीकडे, न बोलता, हँडब्रेकवर हात ठेवून बसा.